धवलारणीची साक्ष

करिष्माचं लग्न झालं होतं की नाही, हा प्रश्न भिवंडीच्या कोर्टात येईपर्यंत कोणालाच पडला नव्हता. खुद्द करिष्माला तर मुळीच नाही. दोन वर्षं ती केसरीनाथ पाटलांच्या घरात त्यांच्या प्रितेशची बायको म्हणून राहिली, आजेसासऱ्यांचं आजारपण काढलं, सासूची बोलणी खाल्ली. लग्न झाल्याशिवाय इतकी बोलणी कोणी कोणाची खात नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

पण मधल्या काळात शेलार गावाच्या अलीकडे केसरीनाथांच्या शेतात गोदामं उभी राहिली, आणि गोदामं नवी झाल्यावर सून जुनी वाटायला लागली. रस्त्यापलीकडच्या गोदामवाल्याची मुलगी सांगून आली. करिष्माला गणपतीला म्हणून माहेरी सोडलं. गणपती गेले, दिवाळी गेली, न्यायला कोणी आलं नाही. तिच्या आईने माणसं पाठवली, तेव्हा केसरीनाथ ओट्यावर बसून दात कोरत म्हणाले, "कोन सून? ती पोरगी आमच्या आज्याची सेवा करायला कामाला ठेवलेली व्हती. आजा गेला, काम सपला."

करिष्मा तडक कोर्टाच्या आवारात मोफत कायदेशीर मदत मिळते त्या खोलीत आली. तिथे टेबलामागे दीपेश भोईर बसला होता.

दीपेश काल्हेरचा. घर आगरी समाजातलं, वकिली नवी, आणि पैसे देणारं अशील अजून कोणी भेटलेलं नसल्यामुळे तो मोफत मदतीच्या पॅनलवर होता. कॉलेजची सगळी वर्षं त्याने जिभेवरून गाव घासून काढण्यात घालवली होती. आता त्याचा ण म्हणजे ण आणि ळ म्हणजे ळ. घरी जेवताना तो "आई, थोडं वरण वाढतेस का?" असं म्हणे, तेव्हा आई आधी मागे वळून बघे, कोण पाहुणा आला म्हणून.

"आपलं म्हणणं काय आहे?" त्याने विचारलं.

"त्याच्याकडं परत जायाचा की नाय, ता मी नंतर बगीन," करिष्मा म्हणाली. "पन मी कामवाली नव्हतू. मी त्या घरची सून व्हतू. ता मना कोर्टाच्या कागदावर पायजे. नि त्याचा दुसरा लगीन हाय म्हैन्याभरात, त्याच्या आधी पायजे."

"लग्नाचा पुरावा?"

पुराव्याची गोष्ट अशी होती. आजा अखेरच्या घटका मोजत होता आणि नातवाचं लग्न बघितल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत म्हणत होता. म्हणून हॉल नाही, पत्रिका नाही, भटजी नाही. दारात मांडव घातला आणि गणेशपुरीकडची बायजाबाई धवलारीण बोलावली. आगऱ्यांत लग्न धवलारीण लावते. ती धवले गाते, आणि गाणं जसं पुढे सरकतं तसं लग्न पुढे सरकतं: हळदीचं गाणं आलं की हळद लागते, बाशिंगाचं आलं की बाशिंग बांधलं जातं. गाणं संपलं की माणूस नवरा झालेला असतो. (आजा मात्र लग्नानंतर टुणटुणीत झाला आणि पुढे पावणेदोन वर्षं जगला, पण त्याचा ह्या खटल्याशी संबंध नाही.)

व्हिडिओ शूटिंग झालं होतं. ते प्रितेशच्या आतेभावाने केलं होतं, आणि त्याने त्याच कॅसेटवर नंतर गावच्या अंडरआर्म क्रिकेटच्या फायनल घेतल्या. दीपेशने ती कॅसेट मागवून शेवटपर्यंत पाहिली, कुठेतरी लग्नाचा तुकडा उरला असेल ह्या आशेने. एके ठिकाणी त्याला हळदीचा पाट दिसल्यासारखं वाटलं. मागे नेऊन पाहिलं. तो स्टंप होता.

राहता राहिलं गाव. गावाला लग्न आठवत होतं, मटण तर फारच आठवत होतं. पण कोणाचा मुलगा केसरीनाथांच्या गोदामावर वॉचमन, कोणाचा टेम्पो तिथे लागलेला. त्यामुळे ओट्यावर जे आठवे ते कोर्टाचं नाव काढलं की विसरायला होई.

उरली बायजाबाई. तिला ना मुलगा, ना टेम्पो. ती एसटीने आली, कोर्टाच्या पायरीवर चपला काढून आत गेली आणि पिंजऱ्यात उभी राहिली. तिथे घोटाळा झाला.

कोर्टातल्या न्यायाधीश मॅडम नागपूरकडून नव्याने बदलून आलेल्या. टायपिस्ट सोलापूरचा. दोघांचीही भाषा मराठी, बायजाबाईचीही मराठी; पण तिन्ही मराठींची एकमेकींशी ओळख नव्हती. त्यात कोर्टासमोरच्या गल्लीत यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात आपला आवाज वर काढण्याची सवय भिवंडीकराला जन्मतःच असते, मॅडमना नव्हती. दीपेशने मांडव, उंबर, हळद सगळं विचारलं, बायजाबाईने भरभरून सांगितलं. मॅडम दर वाक्याला "काय?" म्हणत होत्या, टायपिस्ट जे कळेल ते बडवत होता.

मग केसरीनाथांचे वकील तात्या उलटतपासाला उठले. तात्या भिवंडीतले जुने वकील. त्यांचा काळा कोट ऊन-पावसाने चॉकलेटी झाला होता.

"काय हो बाई, हे लग्न तुम्ही लावलंत?"

बायजाबाईने कानाला हात लावला. "मी कोन लावनारी? लगीन देव लावतो. मी आपली गातंय."

"म्हणजे तुम्ही नाही लावलं."

"नाय बा. असा बोलला तं पाप लागंल."

तात्या समाधानाने खाली बसले. कागदावर उतरलं ते असं: 'साक्षीदाराने विवाह लावला नसल्याचे कबूल केले. बाकी कथन असंबद्ध.' तो जबाब तिला वाचून दाखवण्यात आला. तिने तो देवळातल्या पोथीसारखा हात जोडून ऐकला, कळला नाही, आणि अंगठा दिला. फेरतपासाला पुढची तारीख पडली.

करिष्मा बाहेर बाकावर बसून होती. तिने दीपेशला एवढंच विचारलं, "तुमी आमच्यातलेच ना? तुमाला कललं ना ती काय बोलली?"

"समजलं," दीपेश म्हणाला.

"मंग मॅडमला का नाय सांगितला?"

ह्याचं उत्तर दीपेशने शुद्ध मराठीत लिहायला घेतलं.

त्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला: साक्षीदारासाठी दुभाषी मिळावा. तारखेला तात्या अर्ज हातात धरून उभे राहिले. हसू दाबल्यामुळे त्यांचे गाल थरथरत होते.

"मॅडम, कोर्टाची भाषा मराठी. साक्षीदाराची भाषा मराठी. माझे विद्वान मित्र मराठीतून मराठीत दुभाषी मागतात. हे मंजूर झालं तर मीही अर्ज देतो. आमच्या घरी मी आणि माझी बायको दोघं मराठीच बोलतो आणि तीस वर्षं एकमेकांना काही कळलेलं नाही."

कोर्ट हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"मी तो जबाब परत वाचला," त्या म्हणाल्या. "त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि निम्मं कळलं ते त्या बाई बोलल्या असतील असं वाटत नाही. यंत्रमागावरचा तेलुगू कामगार उभा राहिला की आपण दुभाषी देतो. तो आंध्रातून येतो. ह्या बाई गणेशपुरीहून येतात म्हणून ह्यांना न्याय अर्धवट द्यायचा का? भोईर, तुम्हाला येते ही बोली?"

दीपेशचे कान तापले. "म्हणजे... अवगत आहे, मॅडम."

"पण साक्षीदार तुमचीच, तुम्ही चालणार नाही. दुसरं कोण आहे?"

सगळ्यांचे डोळे दाराकडे गेले. दारात पट्टेवाला पंढरी उभा होता.

पंढरी जन्माने आगरी, पण कोर्टाच्या दारात इतकी वर्षं उभा होता की त्याच्या तोंडून आता कोर्टाशिवाय दुसरं काही निघत नसे. घरीसुद्धा तो "सदर आमटीत मीठ कमी आढळून आले" असं म्हणतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. गावची बोली त्याला पूर्ण समजे, उलट मात्र तो सरकारी मराठीतच बोले. त्याला शपथ देण्यात आली: जे ऐकू येईल ते सर्व, काही न गाळता, खरं भाषांतर करीन. पंढरीने मंत्रिमंडळात निवड झाल्यासारखी शपथ घेतली.

बायजाबाई पुन्हा पिंजऱ्यात आली, आणि त्याच वेळी वीज गेली. पंखे थांबले. समोरच्या गल्लीतले माग एकदम गप्प झाले. भिवंडीत अशी शांतता म्हणजे लोडशेडिंग. टायपिस्टचं यंत्र हाताचं होतं, म्हणून कामकाज चालू राहिलं.

"आजी, लग्नात काय काय झालं ते सांगा," मॅडम म्हणाल्या.

"असा मधनंच कसा सांगू, बाय? धवला पयल्यापासून गायला लागतो. गाताना याद येतंय. बोलायला गेली तं नाय येत."

पंढरी पुढे सरसावला. "साक्षीदाराची स्मरणशक्ती गायनाधीन आहे."

"हरकत!" तात्या उठले. "गाणं हा काय पुरावा आहे?"

"घटनाक्रम आठवायची तिची रीत आहे ती. आठवू द्या." मॅडम बायजाबाईकडे वळल्या. "गा आजी. पण थोडक्यात."

"थोडक्यात लावलेला लगीन टिकत नाय, बाय."

"थोडक्यात विधी केल्यास विवाहाचा टिकाऊपणा धोक्यात येतो, असे निवेदन," पंढरी म्हणाला. टायपिस्टने ते घेतलं.

बायजाबाईने पदर सारखा केला, डोळे मिटले आणि सूर लावला. आवाज म्हातारा होता पण खणखणीत. माग बंद असल्यामुळे तो रस्त्यापर्यंत गेला आणि दोघे-तिघे रिक्षावाले दाराशी येऊन उभे राहिले.

"ये रं गनपती, बस पाटावरी, दारान मांडव घातला रं..."

"प्रथम श्री गणपती यांना पाचारण करण्यात आले."

"हजर होते?" टायपिस्टने मान वर न करता विचारलं.

पंढरीने क्षणभर विचार केला. "हजर."

"उंबराची फांदी आनली कोनी, प्रितेशचे बापानी, केसरीनाथानी..."

"उंबराची फांदी, नग एक. प्रतिवादीचे वडील केसरीनाथ यांनी स्वहस्ते आणली."

केसरीनाथांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत नव्हता, तरी ते बघत राहिले. शेजारी प्रितेश मोबाईलची बटणं दाबत बसला होता. गाण्यात त्याचं नाव आलं की तो शाळेतल्या हजेरीसारखी मान वर करी. त्याच्या पलीकडे त्याची आई जानकीबाई, प्रतिवादी क्रमांक दोन. असं कुठलंही लग्न आपण पाहिलं नाही, ऐकलं नाही, असं प्रतिज्ञापत्र तिने दिलं होतं. पण धवला असा असतो की धवलारणीने पहिली ओळ म्हणायची आणि मांडवातल्या बायकांनी दुसरी उचलायची. जन्मभराची सवय. जानकीबाईने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण तिचं पाऊल बाकाखाली ताल देत होतं. ते दीपेशला दिसलं. त्याचं त्याने काय करावं हे मात्र त्याला सुचलं नाही, कारण पावलाचा उलटतपास घेता येत नाही.

"नवरी बसली चौकावरी, करिष्मा नाव तिचा, बाप नाय घरी..."

पंढरी बोलायला गेला आणि थांबला. करिष्मा खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"नवरीचे वडील," पंढरी हळू आवाजात म्हणाला, "मयत."

"पुढे," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा उतरला होता.

हळद झाली. पंढरीने हळदीला 'पिवळा पदार्थ' म्हटलं, मॅडमनी ते दुरुस्त केलं. आत्याचं नाव आलं, काकाचं नाव आलं, चुलत-मावस सगळे येऊन गेले. ज्याचं नाव गाण्यात येई त्याला लग्नात मान मिळाला असा अर्थ, म्हणून बायजाबाई एकेकाला नीट नावानिशी पुढे आणत होती. मग बाशिंग आलं.

"नवऱ्याला बाशिंग आनला कोनी, आनला कोनी एका मामानी..." आणि ती सरळ पुढच्या ओळीवर गेली.

"थांब गो! थांब!"

जानकीबाई उभी राहिली होती.

"कोनी एका मामानी? नाव नाय त्याला? महादू नाव हाय माझ्या भावाचा! त्या दिवशी पन भर मांडवान असाच गिललास, नि आज कोर्टान पन गिलतंस?"

"जानकीबाई, खाली बसा!" तात्या ओरडले.

"बसू काय? ठान्यावरनं बाशिंग घेऊन आल्ता माझा भाव! सगल्यांचा नाव घेतला हिनं, त्याचाच नाय घेतला! म्हैनाभर त्यानं माझ्या घरचा पानी पिला नाय!"

केसरीनाथ पंख्यावरून नजर काढून बायकोकडे बघत होते.

"प्रतिवादी क्रमांक दोन यांचे म्हणणे," पंढरी म्हणाला, "की त्यांचे बंधू महादू यांनी ठाणे येथून बाशिंग आणूनही भर मांडवात..."

"अरे, ती साक्षीदार नाही!" तात्यांचा आवाज चिरकला. "तिचं भाषांतर कशाला करतोस?"

"ऐकू येईल ते सर्व, साहेब. शपथ आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "जानकीबाई, कोणत्या दिवशी नाव गाळलं?"

"लगनाचे दिवशी!"

"कोणाच्या लग्नाच्या?"

जानकीबाई आता कुठे भानावर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचं तरी लग्न सांगावं म्हटलं तर तिला मुलगा एकच होता. एखादा माग जरी चालू असता तरी उत्तर त्यात बुडालं असतं. पण गल्ली चिडीचूप होती आणि दारातले रिक्षावालेही कान टवकारून उभे होते.

"प्रितेशचे," ती म्हणाली. मग तिला राग आवरेना. "पन तुमीच सांगा मॅडम, मामाचा नाव नाय घेतला तं तो लगीन कसला?"

"नाव नसलं तरी लग्न होतं," मॅडम म्हणाल्या. "टाइप करा."

तात्यांनी रुमाल काढला, डोकं पुसलं, रुमाल खिशात घातला. उलटतपास नको म्हणाले.

मॅडमनी बायजाबाईला जायला सांगितलं. ती हलली नाही. "आर्धा कसा सोडू? आक्षता राहिल्यात."

"आता गरज नाही, बाई!" तात्या म्हणाले.

"तुला नसंल. पोरीला हाय."

मॅडमनी घड्याळ पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. बायजाबाईने धवला शेवटपर्यंत नेला. पंढरीने अक्षता 'रंगीत तांदूळ, वजन नमूद नाही' अशा नोंदवल्या. आणि जानकीबाई, जिचं आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, बाकावर बसल्या बसल्या दुसरी ओळ उचलायला लागली. केसरीनाथांनी तिला कोपर मारलं. तिने त्यांना उलट कोपर मारलं आणि सूर सोडला नाही. 

दुसरं लग्न थांबवण्याच्या अर्जावरचा निकाल तिथेच, जेवणाच्या सुट्टीआधी झाला. वादी आणि प्रतिवादी यांचा विवाह रूढीप्रमाणे झाल्याचं सकृद्दर्शनी दिसतं. मूळ दावा निकाली निघेपर्यंत प्रतिवादीने दुसरा विवाह करू नये. प्रितेशने मोबाईल खिशात घातला. त्या दिवसातली त्याची ही एकच हालचाल म्हणण्यासारखी.

बाहेर दीपेशने बायजाबाईला गाठलं. मामाचं नाव तिने मुद्दाम गाळलं असणार, केवढी हुशार बाई, असं त्याच्या मनात चाललं होतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "आजी, ते नाव... युक्ती होती ना?"

"कसली युक्ती?" ती चपला शोधत होती. "मामानं धवलारनीला लुगडा द्यायचा असतो. देल्यावर नाव. त्यानं तवा देला नाय, नि अजून देला नाय. मंग नाव कनचा?"

करिष्मा झाडाखाली उभी होती. तिला आत काय झालं ते दिसलं होतं, पण निकालाचं वाचन कळलं नव्हतं. दीपेश तिच्यासमोर गेला, घसा खाकरला.

"सदर प्रकरणी माननीय न्यायालयाने सकृद्दर्शनी..."

"तुमी पंढरीचे कोन?" करिष्माने विचारलं.

दीपेशने इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला त्याच्या ओळखीचे वकील होते, एकजण तर कॉलेजातला होता. त्याने कागद घडी करून खिशात घातला.

"तुझा लगीन झालेला हाय," तो म्हणाला. "कोर्टाला पटला. त्याला दुसरा करता येनार नाय."

"मी सून व्हतू, कामवाली नव्हतू. असा लिवलाय?"

"बायको लिवलाय."

"नक्की?"

"नक्की. उद्या नक्कल काढून देतंव."

करिष्माने हुंदका दिला नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. हिशेब मांडणाऱ्या माणसासारखं तिने एक बोट दुमडलं.

"मंजे आता तो माझा नवरा हाय."

"हाय."

"कोर्टाच्या कागदावर."

"कागदावर."

"मंग आता त्याला सोडता येल," करिष्मा म्हणाली. "मगाशी सोडायला गेली असती तं बोलले असते, कामवालीनं काम सोडला. त्याचा अर्ज कसा लिवायचा, ता सांगा."

दीपेशने तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस खपून सिद्ध केलेलं लग्न अजून तासाभराचंही झालं नव्हतं. समोर वीज आली, माग एकदम खडखडायला लागले, आणि त्याला आपला आवाज वर काढावा लागला.

"आत ये," तो ओरडला. "बसून लिवू."